एडिथ पार्जेटर : औषधाच्या दुकानातून रहस्यकथेकडे



रहस्यकथा म्हटलं की आपल्याला शेरलॉक होम्सच आठवतो. आज मात्र ओळख करून घेऊया एडिथ पार्जेटर यांची. 'एलिस पीटर्स' या टोपणनावाने त्या जगभर वाचल्या गेल्या. यातलं 'एलिस' हे त्यांच्या भावाचं नाव!

२८ सप्टेंबर १९१३ रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात हॉर्सहे या गावी त्यांचा जन्म झाला. शाळा संपली, पण पुढे कॉलेज काही झालं नाही. जवळच्याच डॉली गावात औषधाच्या दुकानात त्या मदतनीस म्हणून लागल्या. सात वर्षं औषधांच्या बाटल्या हाताळल्या आणि लिहीतही राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या महिला विभागात टेलिप्रिंटरवर काम केलं, पदकही मिळवलं. पुढे चेक भाषा शिकून त्यांनी चेक साहित्याचे इंग्रजी अनुवाद केले. दोन रहस्यकथा तर भारतात घडतात.

पण खरं नाव झालं ते साठी उलटल्यावर. १९७७ मध्ये त्यांनी ब्रदर कॅडफेल आणला. बाराव्या शतकातला, श्रूझबरीच्या मठातला हा साधू. आधी धर्मयुद्धात लढलेला, आता वनौषधींची बाग सांभाळणारा. त्या मठाचं चर्च आजही आहे, लेखिकेच्या घरापासून फार लांब नाही.

एक उदाहरण सांगते. ११३८ साली स्टीफन राजाने श्रूझबरीचा किल्ला जिंकला आणि आतल्या लोकांना फासावर दिलं. ही इतिहासातली घटना. कादंबरीत फाशी ९४ जणांना होते. कॅडफेल अंत्यसंस्कारासाठी प्रेतं मोजतो, तर भरतात ९५! एवढ्या प्रेतांत आपण केलेला एक खून सहज लपेल, असं कुणाला तरी वाटलेलं असतं. आपण वर्गात इतिहास शिकवताना आकडे पाठ करून घेतो. या बाईंनी आकड्यात एकच मिळवला आणि अख्खी कादंबरी उभी केली.

दुसऱ्या एका कादंबरीत कॅडफेलनेच सांधेदुखीसाठी बनवलेलं बचनागाचं तेल कुणीतरी विष म्हणून वापरतं. चोळायचं औषध पोटात गेलं तर काय होतं, हे औषधाच्या दुकानात काम केलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. या पुस्तकाला १९८० मध्ये 'सिल्व्हर डॅगर' पुरस्कार मिळाला.

कॅडफेलच्या एकूण २० कादंबऱ्या झाल्या. शेवटची १९९४ मध्ये आली, तेव्हा त्या ८० च्या पुढे होत्या. १४ ऑक्टोबर १९९५ रोजी श्रॉपशायरमध्येच त्यांचं निधन झालं. श्रूझबरीच्या त्याच मठाच्या चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची एक खिडकी आहे.