जयंती विशेष : लोखंडाला देशातच काम मिळावे, असा ध्यास घेतलेले विश्वेश्वरय्या

बंगळुरू, १५ सप्टेंबर : बंगळुरूच्या उत्तरेस येलहंका येथील रेल्वे चाक कारखान्यात निकामी चाके, आस आणि पोलादी भंगार विद्युत भट्टीत वितळवून नवी चाके ओतली जातात. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १५ सप्टेंबर १९८४ रोजी हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. तो दिवस भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या जयंतीचा, म्हणजेच अभियंता दिनाचा होता. येलहंक्याहून उत्तरेकडे जाणारा रस्ता चिक्कबळ्ळापूरजवळील मुद्देनहळ्ळी या त्यांच्या जन्मगावाच्या दिशेने जातो.

विश्वेश्वरय्या यांची जडणघडण मात्र महाराष्ट्रात झाली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकून १८८३ मध्ये ते अभियांत्रिकी परीक्षेत मुंबई प्रांतात पहिले आले. पुढील वर्षी नाशिक येथे साहाय्यक अभियंता म्हणून त्यांनी सेवेस आरंभ केला. धरणाची भिंत न उंचावता अधिक पाणी साठविणारी त्यांची स्वयंचलित दारे १९०३ मध्ये खडकवासला येथे बसविण्यात आली.

१९०९ मध्ये म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता आणि १९१२ मध्ये दिवाण झाल्यावर त्यांनी भद्रावती येथे लोखंडाचा कारखाना उभारण्याचा आग्रह धरला. संस्थानात दगडी कोळसा नव्हता. खनिज आणि जंगल मात्र होते. म्हणून लाकडी कोळशावर लोखंड गाळण्याचा मार्ग निवडला गेला. १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले. १९२३ मध्ये उत्पादन सुरू झाले, तेव्हा महायुद्धोत्तर मंदीने लोखंडाचे भाव कोसळले होते. कारखाना तोट्यात गेला आणि हा खर्च व्यर्थ असल्याची टीका होऊ लागली. अशा वेळी संस्थानने त्यांनाच पाचारण केले. १९२९ पर्यंत संचालक मंडळाचे अध्यक्ष राहून त्यांनी कारखान्याची घडी बसविली. १९३६ मध्ये तेथे पोलादनिर्मितीही सुरू झाली. या सेवेच्या मानधनाची रक्कम त्यांनी बंगळुरूत व्यवसायशिक्षण संस्थेसाठी दिली.

केवळ लोखंड गाळून उद्योग तगत नाही. त्यातून यंत्रे, वाहने व बांधकामाचे साहित्य देशातच घडले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १९२७ ते १९५५ या काळात ते टाटा पोलाद कंपनीच्या संचालक मंडळावर होते. मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना त्यांनी आखली आणि वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. परंतु परकीय सरकारचे पाठबळ तिला लाभले नाही. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५५ मध्ये भारतरत्न लाभलेल्या या अभियंत्याने १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, बंगळुरूत अखेरचा श्वास घेतला.

भद्रावतीच्या कारखान्याला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय पोलाद प्राधिकरणाने तो बंद करण्याचा निर्णय घेतला तेव्हा कामगार रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी कामाचा काही भाग पुन्हा सुरू झाला. शंभर वर्षांपूर्वी विश्वेश्वरय्यांसमोर उभा राहिलेला नफ्याचा आणि टिकावाचा प्रश्न भद्रावतीत आजही कायम आहे. येलहंक्यात मात्र जुन्या पोलादाला रोज नवे काम मिळते आणि त्यांचा ध्यास तेथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.