महेश्वरहून चाललेला कारभार

पुण्यश्लोक अहिल्याबाई म्हटले की हाती शिवपिंड घेतलेली शुभ्रवस्त्रा मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे येते. पण याच मातोश्री पत्रे, निरोप आणि हिशेब यांवर मोठमोठी कामे तडीस नेणाऱ्या कुशल कारभारीही होत्या. आपण इंदूरकर त्यांचे नाव रोज घेतो. यंदा त्यांच्या या गुणाचे स्मरण करू.

३१ मे १७२५ रोजी आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी त्यांचा जन्म झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव कामी आले. पुढे सासरे मल्हारराव यांनी सुनेला कारभारात तयार केले. १७६५ चे त्यांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीस जावे, चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठ्या तोफखान्याच्या दारूगोळ्याची आणि महिनाभराच्या खर्चाची तजवीज करावी, वाटेच्या रक्षणासाठी चौक्या बसवाव्यात, अशी त्यात सूचना आहे. कुठे जायचे, किती थांबायचे, काय सिद्ध ठेवायचे, सारे स्पष्ट. असे पत्र ज्याच्या हाती पडते त्याला अंदाज बांधत बसावे लागत नाही.

हे शिक्षण लवकरच कसाला लागले. १७६६ त मल्हारराव गेले, वर्षभरात पुत्र मालेरावही गेले. दिवाण गंगाधर यशवंत यांना दत्तक बसवून सत्ता आपल्या हाती ठेवायची होती. त्यांच्या सांगण्यावरून राघोबादादा फौजेनिशी निघाले. बाईंनी लढाईची तयारी केलीच, पण त्याबरोबर शेजारच्या सरदारांना पत्रे धाडली आणि माधवराव पेशव्यांपुढे आपली बाजू मांडली. स्त्रियांशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर नामुष्की, अशा आशयाचा निरोप त्यांनी दादांना पाठवल्याचे परंपरा सांगते. पेशव्यांचा कौल बाईंना मिळाला आणि दादांनी आपण सांत्वनासाठी आल्याचे सांगून वेळ साजरी केली. एक थेंबही रक्त सांडले नाही.

पुढची अठ्ठावीस वर्षे बाई महेश्वरी राहिल्या, पण त्यांची बांधकामे काशी, गया, सोमनाथपर्यंत पसरली. काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० त, सोमनाथचे १७८३ त, गयेचे विष्णुपद १७८७ त उभे राहिले. जागा शेकडो कोस दूर, मुलूख दुसऱ्यांचे. अशी कामे पैशाबरोबर नेमकी आज्ञा आणि परतीचा हिशेब असल्याशिवाय होत नाहीत. महेश्वरी रोज दरबार भरे आणि रयतेला आपली तक्रार स्वतः त्यांच्यापुढे मांडता येई.

तरी सारे सुरळीत होते असे नाही. फौज तुकोजींकडे आणि खजिना बाईंकडे, अशी वाटणी होती. दूरच्या मोहिमेवरून तुकोजी पैसे मागत आणि बाई आधी हिशेब मागत. त्यातून वर्षानुवर्षे कुरबुर चालली. संवाद कितीही चोख असला तरी कामाची वाटणी करणाऱ्या दोघांचा एकमेकांवर विश्वास हवा, हे त्यातून दिसते. १३ ऑगस्ट १७९५ रोजी बाई गेल्या, दोन वर्षांनी तुकोजीही गेले आणि होळकरांच्या घरात वारसाची भांडणे पेटली.

आपल्या उत्सवातही मंडप, वर्गणी, प्रसाद, कार्यक्रम अशी वाटणी असतेच. कोणी काय करायचे हे स्पष्ट सांगावे, झालेल्या कामाचा हिशेब वेळेवर द्यावा आणि मागणाऱ्याने तो मनात किंतु न ठेवता मागावा. मातोश्रींच्या नगरीत राहणाऱ्या आपल्याला हा वारसा चालवणे शोभेल.