विश्लेषण : जुन्या इंजिनाला ‘तसाच दिसणारा’ पंप का चालत नाही? इंधन पंप घडवणारे रॉबर्ट बॉश कोण होते?

कळवणच्या कांद्याच्या शेतातला जुना ट्रॅक्टर आणि संग्राहकांनी जिवापाड जपलेली १९५४ची मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल यांच्यात सारखे काही नाही, असेच कोणी म्हणेल. पण पंप गेला की दोघांच्याही मालकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : आता कोणता बसवायचा? आपल्याकडे जुने मेकॅनिक अजूनही ‘मायको पंप’ म्हणतात आणि नाशिकमध्ये मायको सर्कल सर्वांना ठाऊक आहे. या नावामागचा माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नाही.

कोण होते बॉश?

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक गावी झाला. वडिलांची खाणावळ आणि शेती होती. बारा भावंडांत रॉबर्ट अकरावे. यंत्रकामाची उमेदवारी उल्ममध्ये केली, पण ती त्यांना मुळीच आवडली नाही. पुढे अमेरिका आणि इंग्लंडमध्ये नोकरी करून ते परतले. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये लहानसे वर्कशॉप उघडले. सोबतीला एक कारागीर आणि एक पोऱ्या. पुढच्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने स्थिर इंजिनासाठी ठिणगी पाडणारा मॅग्नेटो मागितला. बॉश यांनी दुसऱ्या कंपनीचा नमुना पाहून सुधारित मॅग्नेटो बनवला. १८९७मध्ये तो वाहनावर बसला आणि १९०२मध्ये त्यांचे सहकारी गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग तयार केल्यावर धंदा जगभर पसरला. कामगारांना आठ तासांची पाळी त्यांनी १९०६मध्येच दिली होती, हेही नोंदवायला हवे.

ठिणगी विकणारा माणूस पंपाकडे का वळला?

कारण डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन आपोआप पेटते. डिझेल गाड्यांचे युग आले असते, तर बॉश यांचा मुख्य माल निकामी ठरला असता. त्या वेळी बहुतेक डिझेल इंजिनांत इंधन दाबहवेने आत फुंकले जाई. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, म्हणून ती इंजिने जहाजांत आणि कारखान्यांतच शोभत. ट्रकला आटोपशीर पंप हवा होता. १९२२च्या अखेरीस बॉश यांनी हे काम हाती घेण्याचे ठरवले. १९२५-२६मध्ये जर्मन मोटार उद्योगाला मंदीने गाठले, कामगार कमी करावे लागले, तरी पंपाचे काम थांबले नाही. १९२७मध्ये इंजेक्शन पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले. १९३६ची मर्सिडीज २६० डी ही डिझेल मोटार याच पंपाच्या जिवावर धावली.

चुकीचा पंप बसवला तर काय होते?

या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर असतो. त्याच्यावर तिरकी खाच असते. तो जरा फिरवला की इंधनाचे माप बदलते. प्लंजर आणि त्याची नळी यांतली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाची. म्हणून प्लंजरचा व्यास, कॅमचा आकार, फिरण्याची दिशा आणि इंधन सोडण्याची वेळ हे सारे त्या इंजिनाशी जुळावे लागते. मोठा प्लंजर म्हणजे जास्त ताकद, ही समजूत महागात पडते : काळा धूर, तापलेले पिस्टन, वाया गेलेले डिझेल.

कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारीचा हिशेब वेगळा. तिला साधारण तीन ते पाच पीएसआय दाब पुरतो. आजचा जोरकस इलेक्ट्रिक पंप बसवला, तर फ्लोटची सुई दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल ओसंडते. गरम इंजिनावर ओसंडलेले पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

शेवटची वर्षे कशी गेली?

बॉश यांना शेतीची ओढ होती. १९१२मध्ये त्यांनी बव्हेरियात दलदलीची जमीन घेऊन मोठी शेती उभी केली. १९२१मध्ये एकुलता एक मुलगा आजाराने गेला. नाझी राजवट त्यांना मान्य नव्हती. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी छळ झालेल्या ज्यूंना मदत केली, हिटलरविरोधी कार्ल ग्योर्डेलर यांना कंपनीचा आधार दिला. पण त्याच कंपनीत युद्धासाठी उत्पादन झाले आणि हजारो सक्तीचे मजूर राबवले गेले. तिचे पेट्रोल इंजेक्शन पंप लढाऊ विमानांत होते. ही विसंगती त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. १२ मार्च १९४२ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच राजवटीने त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला.

विमानातला हाच धडा १९५४मध्ये ३०० एसएलमध्ये उतरला. तिचा पंप इतका हट्टी, की इग्निशन बंद केल्यावर इंजिन थांबेपर्यंत तो पेट्रोल सोडतच राहतो आणि सिलिंडरवरचे ऑइल धुऊन निघते.

भारतात १९५१मध्ये बंगळुरूत ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’, म्हणजे मायको, सुरू झाली. पुढे नाशिकच्या सातपूरला तिचा कारखाना आला आणि २००८मध्ये कंपनीचे नाव ‘बॉश लिमिटेड’ झाले. जुन्या इनलाइन पंपावरची धातूची पट्टी मात्र अजून वाचता येते. ‘पीईएस ४ ए ८५’सारख्या अंकनात ४ म्हणजे सिलिंडर, ए म्हणजे पंपाचा आकार, ८५ म्हणजे साडेआठ मिलिमीटरचा प्लंजर, पुढच्या अक्षरांतून फिरण्याची दिशा कळते. पंप उतरवण्याआधी ही पट्टी घासून, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुकानात तोच दाखवावा.