औंधचे सूर्योपासक राजे

दिल्लीच्या कोणत्याही बागेत थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे फेरफटका मारावा. धुके पुरते निवळलेले नसते, आणि तरीही एखाद्या कोपऱ्यात चारदोन मंडळी सतरंजी अंथरून सूर्यनमस्कार घालीत असतात. त्यांत पंजाबी असतात, बंगाली असतात, क्वचित आपल्यापैकीही कोणी असते. हा व्यायाम ऋषिमुनींपासून जसाच्या तसा चालत आला, अशी त्यांची समजूत असते व ती मोडण्याचे आम्हांला काही कारण नाही. परंतु नमस्कारांची परंपरा जुनी असली तरी त्यांना तालमीतून आणि देवघरातून बाहेर काढून शाळेच्या पटांगणावर आणण्याचे व पुढे सातासमुद्रापार पोचविण्याचे काम एका मराठी राजाने केले, हे सांगितले की ऐकणारे चकित होतात. आपल्या घरची मुलेसुद्धा चकित होतात, म्हणून हे स्मरण.

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. किन्हईच्या परशुराम त्रिंबकांपासून चालत आलेले हे प्रतिनिधींचे घराणे. राज्य मात्र इवलेसे. बहात्तर गावे, तीही सलग नव्हेत; काही साताऱ्याकडे, काही आटपाडीच्या दुष्काळी माणदेशात, तर काही कुंडलच्या बाजूला. इंग्रजी अमदानीत संस्थानिकांचा मान तोफांच्या संख्येवर मोजला जाई, आणि त्या मोजणीत औंधच्या वाट्याला एकही तोफ नव्हती. बाळासाहेब गादीवर आले तेही अनपेक्षितपणे. थोरल्या बंधूंच्या मागे पुतण्या राजा झाला. त्याला इंग्रजांनी १९०९ साली पदच्युत केले आणि डेक्कन कॉलेजात शिकलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या ह्या काकांना बसविले. तोवर त्यांच्या सवयी, श्रद्धा आणि छंद पक्के झालेले होते. राजेपणाने त्यांत फारसा फरक पडला नाही.

त्यांची भक्ती दाखविण्याची नव्हती. औंधच्या टेकडीवरची यमाई ही त्यांची कुलस्वामिनी. तिची सेवा आणि नित्याची उपासना हा त्यांच्या दिवसाचा कणा होता. ते स्वतः कीर्तनाला उभे राहत. राजा समोर बसून कीर्तन ऐकतो हे आपण जाणतो. येथे राजाच कथा सांगत असे आणि प्रजा ऐकत असे. चित्रकलेचा हातही त्यांना होता. रामायण त्यांनी चित्रांतून उभे केले, अजिंठा आणि वेरूळ ह्यांवर ग्रंथ लिहिले, आणि भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या महाभारत-संशोधनाला भरघोस द्रव्यसाह्य दिले. वेदांचे भाष्यकार पंडित सातवळेकर ह्यांनी आपले स्वाध्याय मंडळ ह्याच औंधात थाटले व संस्थान विलीन होईपर्यंत तेथेच चालविले.

व्यायामाची कथा जरा गमतीची आहे. तरुणपणी बाळासाहेब सँडो ह्या युरोपीय मल्लाच्या पद्धतीच्या नादी लागले होते. त्याची पुस्तके आणली, साधने आणली, आणि सुमारे दहा वर्षे नेमाने ती मेहनत केली. पुढे मिरजकर अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग कायमचे तेथेच राहिले. त्यांना त्यात एकाच वेळी दोन गोष्टी सापडल्या असाव्यात असे आम्हांला वाटते. मित्र, रवी, सूर्य, भानू ही नावे बीजमंत्रांसह उच्चारीत घातलेला नमस्कार ही पूजाही होते आणि मेहनतही. साधन लागत नाही, पैसा लागत नाही, अंगापुरती जागा मिळाली की पुरे. दरिद्री माणदेशातल्या पोराला हे परवडण्यासारखे होते. पाश्चात्त्य साधने त्याला कोठून परवडणार!

मग त्यांनी घरापासून आरंभ केला. राणीसाहेब, मुले, मुली, सर्वांना नमस्कार. बायकांनी व्यायाम करावा हे त्या काळी राजवाड्यात काय, चाळीतही कोणी बोलत नसे. त्यांनी ते आग्रहाने लिहिले. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. ह्या सक्तीविषयी आमच्या मनात थोडा किंतु आहे. भक्ती आणि आरोग्य ही दोन्ही हुकुमाने येतात असे नाही, आणि थंडीत कुडकुडत नमस्कार घालणाऱ्या एखाद्या पोराने मनातल्या मनात महाराजांना काय म्हटले असेल ह्याची कल्पना करता येते. परंतु महाराज दुसऱ्याला सांगत ते स्वतः रोज करीत, इतके तरी मान्य केलेच पाहिजे. १९३६ च्या विलायतेच्या प्रवासात त्यांची सत्तरीकडे झुकलेली ताठ देहयष्टी पाहून लुइझ मॉर्गन ह्या पत्रकार बाईंना कुतूहल वाटले, आणि १९३८ साली त्यांनी संपादिलेले महाराजांचे नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९३५ साली इंदूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष बाळासाहेबच होते.

परंतु त्यांची खरी कसोटी सत्तराव्या वर्षी लागली. द्वितीय पुत्र आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून आणि बॅरिस्टर होऊन १९३७ साली परतले ते नव्या विचारांनी भारलेले. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन हा गांधीजींच्या सहवासातला पोलिश इंजिनियर औंधला आला. राज्य प्रजेच्या हाती द्यावे, हा त्यांचा आग्रह. वडील काय करतील? आयुष्यभर ज्यांनी सर्वांना शिस्त लावली, ज्यांचा शब्द घरात आणि संस्थानात अखेरचा, असे हे गृहस्थ. मुलाने राज्य मागितले असते तर इतिहासात त्याला उदाहरणे पुष्कळ आहेत. ह्या मुलाने वडिलांजवळ राज्य सोडून देण्याचीच मागणी केली. शिवाय पुढे गादीवर येणाऱ्यांचा वाटाही त्यात जात होता. बाळासाहेबांनी मान्य केले. १९३८ च्या वाढदिवसाच्या समारंभात पूर्ण जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा झाली, गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीत ती अमलात आली. गावोगावच्या पंचायतींवर तिचा पाया होता. मोठमोठी संस्थाने तोफा मोजीत बसली होती तेव्हा हे घडले.

फ्रीडमनच्याच कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत उभी राहिली. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा चित्रपट तिच्यावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे गदिमा त्याच मुलखातले. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर ह्यांच्या ‘बनगरवाडी’त तालमीच्या उद्घाटनाला येणारा राजा कोणावरून घेतला, हे माणदेशी माणसाला सांगावे लागत नाही. १९१० साली बेळगावातून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ देणारेही हेच, आणि बेचाळीसच्या भूमिगतांना ज्या हद्दीत आसरा मिळाला ती हद्दही ह्यांचीच.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले. त्यापूर्वी चार वर्षे मुख्य प्रधान असलेले आप्पासाहेब आता स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले. पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, इटली अशी त्यांची नोकरी झाली आणि त्यांची राजधानी औंधऐवजी दिल्ली झाली. वडील मात्र आपल्या टेकडीच्या पायथ्याशी राहिले. मुलगा दूर देशी, आईवडील गावी, हा प्रसंग आपल्यापैकी कितीजणांच्या घरात आहे ते येथे लिहीत नाही. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेबांनी देह ठेवला. आप्पासाहेब त्या काळी नैरोबीच्या नेमणुकीवर होते. वडिलांचे चरित्र त्यांनी इंग्रजीत लिहिले ते १९८९ साली, स्वतः पंचाहत्तरी ओलांडल्यावर.

औंधला जाणाऱ्याने यमाईच्या टेकडीच्या निम्म्या वाटेवर थांबावे. १९३८ साली उघडलेले श्रीभवानी संग्रहालय तेथे आहे. रविवर्म्याची चित्रे, धुरंधरांची चित्रे, आणि हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचे आई-मुलाचे एक दगडी शिल्प. ते सारे एका माणसाच्या आवडीने जमलेले आहे. नंतर उरलेल्या पायऱ्या चढून देवीचे दर्शन घ्यावे. पहाटे गेल्यास उन्हाचा त्रास होत नाही.