इब्न सिना आणि औषधाची पारख

युनानी दवाखान्याची पायरी चढणाऱ्याला हकीम इब्न सिना हे नाव नवे नाही. त्यांचा जन्म इ.स. ९८० मध्ये बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावी झाला. दहाव्या वर्षी त्यांचे कुरआन पाठ झाले. ऐन तारुण्यात त्यांनी बुखाऱ्याच्या आजारी अमीरावर उपचार केले आणि त्या बदल्यात राजवाड्यातील ग्रंथालय वाचायला मिळवले. पुढे राजाश्रय सुटला, कैदही भोगावी लागली, तरी ‘अल-कानून’ हा पाच भागांचा वैद्यकग्रंथ त्यांनी पूर्ण केला. युरोपातही तो कित्येक शतके शिकवला गेला.

त्याच्या दुसऱ्या भागात एकेका औषधीचे गुण सांगण्याआधी औषध पारखण्याचे नियम आहेत. औषध निर्भेळ असावे. ते गुंतागुंतीच्या नव्हे, साध्या आजारावर पाहावे. गुण कधी येतो हे नोंदवावे. तो पुन्हा पुन्हा आला तरच खरा, नाहीतर योगायोग. सिंहावर किंवा घोड्यावर जे दिसले, ते माणसातही तसेच दिसेल असे धरू नये.

ही शिस्त आजही सुटलेली नाही. नंदुरबारचे मनसुख वाणी आणि अमेरिकेचे मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. सह्याद्रीतल्या नरक्यातही ते सापडते. पण रुग्णांच्या मूत्राशयाला इजा होऊ लागली आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून तयार झालेल्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये.

धाराशिव, नळदुर्ग, परंड्याच्या अंगणांतली सदाफुलीही अशीच. तिच्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन रक्ताच्या कर्करोगावर शिरेतून देतात, तेही मिलिग्रॅम मोजून. जास्त झाले तर मज्जातंतूंना इजा होते, जीवही जातो. साखर उतरावी म्हणून तीच पाने रोज चावताना मात्रा कोण मोजतो?

चुकलेल्या मात्रेचा फटका खुद्द इब्न सिनांनाही बसला. शिष्य जुझजानी यांनी लिहून ठेवले आहे की, पोटशूळाच्या औषधात सोबतच्या वैद्याने सांगितल्यापेक्षा जास्त अजमोद टाकला आणि दुसऱ्या औषधात चाकराने जास्त अफू मिसळली. अखेरीस त्यांनी औषध थांबवले, गुलामांना मुक्त केले, चीजवस्तू गरिबांत वाटली आणि कुरआनपठण सुरू ठेवले. हिजरी ४२८ च्या रमजानमध्ये, इ.स. १०३७ साली, इराणमधील हमदान येथे त्यांचा इंतकाल झाला.