सप्तकात ३१ पट्ट्या मांडणारे फोकर

फोकर हे नाव आपल्याकडे एकेकाळी परिचित होते, ते इंडियन एअरलाइन्सच्या ‘फोकर फ्रेंडशिप’ विमानांमुळे. त्या विमान-कारखान्याचे संस्थापक अँथनी फोकर. त्यांचेच भाऊबंद असलेले आद्रियान डॅनिएल फोकर मात्र पदार्थविज्ञानात रमले. जावा बेटावरील आजच्या बोगोर शहरात १७ ऑगस्ट १८८७ रोजी जन्मलेल्या आद्रियान यांनी लायडन येथे हेंड्रिक लोरेंट्झ यांच्या मार्गदर्शनाखाली १९१३ मध्ये डॉक्टरेट मिळवली, पुढे झुरिचला आइन्स्टाइन यांच्यासोबत काम केले. ‘फोकर-प्लांक समीकरण’ आजही विद्यार्थ्यांना शिकवले जाते. १९२८ मध्ये हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयातील भौतिकी विभागाची धुरा त्यांच्याकडे आली.

मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी नेदरलँड्स व्यापले. ज्यू प्राध्यापकांच्या बडतर्फीचा निषेध झाला, म्हणून लायडन विद्यापीठाला टाळे लागले. आपली विद्या नाझींच्या युद्धकार्याला जुंपली जाऊ नये, ही फोकर यांची चिंता होती. आपण निरुपयोगी ठरावे, असा विषय त्यांना हवा होता. तो स्वरांच्या गणितात सापडला. सतराव्या शतकातील डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी सप्तकाचे ३१ समान भाग सुचवले होते. ते लिखाण फोकर यांच्या वाचनात आले आणि निमित्ताने धरलेल्या विषयाने त्यांना कायमचे धरून ठेवले.

हार्मोनियमचा गंधार चढा लागतो, ही आपल्या गवयांची जुनी तक्रार. त्याच १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने या पेटीवर बंदी घातली, हा योगायोगच. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर शुद्ध गंधार ३८६ वर येतो. पेटीवर तो ४०० वर बसतो. ३१ भाग केले की दहावी पायरी ३८७ वर पडते. पंचम मात्र पाच सेंटने उतरतो. हा सौदा फोकर यांनी डोळसपणे पत्करला, कारण सातव्या उपस्वरासारखे, बारा पट्ट्यांत न मावणारे नादही यात जवळजवळ अचूक मिळतात.

पण ३१ पट्ट्या एका ओळीत मांडल्या तर वादकाचा पंजा सप्तकभरही पुरणार नाही. फोकर यांनी त्या पायऱ्यांसारख्या एकावर एक ओळींत रचल्या: पांढऱ्या, काळ्या आणि निळ्या. कोणत्याही पट्टीत वाजवा, बोटांची ठेवण तीच राहते. नवशिक्याला हे वरदान. बारा पट्ट्यांवर हात बसलेल्याला मात्र सारे पुन्हा शिकणे आले.

१९५० मध्ये टेलर्स संग्रहालयात हे ऑर्गन उभे राहिले. हेंक बाडिंग्स यांच्यासारख्या नामवंताने त्यासाठी रचना केल्या; तरी नव्या वाद्याला संगीत कमीच पडत होते. तेव्हा प्राध्यापकमहाशयांनी ‘आरी द क्लाइन’ या टोपणनावाने स्वतःच संगीतलेखन आरंभले. ऐंशी ओलांडलेल्या या माणसाने पुढे वाद्याचे विद्युत रूपही पाहिले: १९७० मध्ये हर्मन व्हान देर हॉर्स्ट यांनी त्याच पट्टीरचनेचा ‘आर्किफोन’ बनवला. त्यात भात्याची आणि नळ्यांची गरजच उरली नव्हती.

२४ सप्टेंबर १९७२ रोजी फोकर यांचे निधन झाले. त्यांचे ऑर्गन आता अॅमस्टरडॅमच्या ‘मुझीकखेबाउ’ या संगीतगृहात आहे आणि ते वाजते.