धुराचा हिशेब मांडणारा प्राध्यापक

विजेवर चालणाऱ्या मोटारींना करांत सवलत द्यावी काय, द्यावयाची तर किती काळ द्यावी, आणि पेट्रोलवरील करांचे उत्पन्न उद्या आटू लागले तर रस्त्यांचा खर्च कोणाच्या खिशातून भागवावयाचा, हे प्रश्न आज जगातील अनेक अर्थमंत्र्यांपुढे उभे आहेत. या वादात विजेच्या गाडीचे कैवारी धुराच्या हानीकडे बोट दाखवितात, तर विरोधक सवलतींच्या खर्चाकडे. परंतु हे दोन्ही पक्ष ज्या विचाराचा आधार घेतात, तो विचार शंभर वर्षांपूर्वी केंब्रिजच्या एका प्राध्यापकाने पद्धतशीरपणे मांडून ठेवलेला आहे. आर्थर सेसिल पिगू हे त्यांचे नाव. अर्थशास्त्राच्या पदवी परीक्षेस बसलेल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी पाठ केलेले असते आणि परीक्षा संपताच बहुतेकांनी ते विसरलेलेही असते. म्हणूनच त्यांच्या जीवनाची आणि विचाराची उजळणी करणे आज अगत्याचे वाटते.

पिगूंचा जन्म 18 नोव्हेंबर 1877 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या वाइट बेटावर, राइड या गावी झाला. वडील सैन्यातील अधिकारी होते. हॅरोच्या प्रसिद्ध शाळेतून ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आले ते इतिहासाचे विद्यार्थी म्हणून. इतिहासात प्रथम वर्ग मिळविल्यानंतर ते नीतिशास्त्राकडे वळले आणि तेथेही प्रथम वर्गात आले. काव्यरचनेसाठी त्यांना विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले होते. विद्यार्थ्यांच्या वादसभेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमातच तेव्हा अर्थशास्त्राचा अंतर्भाव असे, आणि त्याच वाटेने पिगू या शास्त्रात शिरले. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. संपत्ती कशी वाढते यापेक्षा त्या संपत्तीने माणसांचे भले होते की नाही, हाच प्रश्न त्यांना अखेरपर्यंत महत्त्वाचा वाटत राहिला.

आल्फ्रेड मार्शल हे त्यांचे गुरू. मार्शल 1908 मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या अध्यासनावर अवघ्या तीस वर्षांच्या पिगूंची निवड झाली आणि पुढे पस्तीस वर्षे, म्हणजे 1943 पर्यंत, ते त्या जागेवर राहिले. पदावर येताच त्यांनी जॉन मेनार्ड केन्स नावाच्या एका तरुणास अध्यापनासाठी बोलावून घेतले आणि त्याच्या मानधनाचे वर्षाला शंभर पौंड स्वतःच्या पदरचे दिले. याच केन्सनी पुढे त्यांच्यावर केवढी कठोर टीका केली, हे आपण जाणतोच.

पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा माणसे मारण्याच्या कामात भाग न घेण्याचा निर्णय पिगूंनी घेतला. परंतु ते घरी बसून राहिले नाहीत. विद्यापीठाला सुटी लागली की ते आघाडीवर जात आणि जखमी सैनिकांना वाहून नेणारी रुग्णवाहिका चालवीत. फ्रान्स, बेल्जियम आणि इटली या देशांत त्यांनी ही सेवा केली. तेथे पाहिलेल्या संहाराचा परिणाम त्यांच्या मनावर कायमचा झाला, असे त्यांचे निकटवर्ती सांगत. पूर्वीचा आनंदी, विनोदी तरुण मागे पडला आणि एकलकोंडा, जुनेरे कपडे घालणारा, समारंभांपासून दूर राहणारा प्राध्यापक तेवढा उरला. गिर्यारोहण आणि लेखन हीच त्यांची दोन व्यसने राहिली.

त्यांचा ‘कल्याणाचे अर्थशास्त्र’ हा ग्रंथ 1920 मध्ये प्रसिद्ध झाला. 1912 मधील एका ग्रंथाचाच तो विस्तार होता. त्यातील मध्यवर्ती कल्पना समजावयास अवघड नाही. कारखानदार मालाची किंमत ठरवितो तेव्हा मजुरी, कोळसा, कच्चा माल आणि व्याज यांचा हिशेब करतो. पण त्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुरामुळे शेजाऱ्यांचे कपडे मळतात, भिंती काळवंडतात, भाजीपाल्याची नासाडी होते, भरदिवसा दिवे लावावे लागतात. हा खर्चही खराच असतो, फक्त तो कारखानदाराच्या खातेवहीत उतरत नाही, शेजाऱ्यांच्या संसारात उतरतो. म्हणजे खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांत तफावत पडते, आणि जी वस्तू समाजाला महाग पडते तीच बाजारात स्वस्त मिळते. ही तफावत मिटविण्याचे साधन म्हणून पिगूंनी दोन उपाय सुचविले. ज्या व्यवसायाने इतरांची हानी होते त्यावर कर बसवावा, आणि ज्याने इतरांचा फायदा होतो त्यास अर्थसाहाय्य द्यावे.

याच संदर्भात त्यांनी मोटारीचाही विचार केला होता. मोटारी रस्त्यांची झीज करतात याची त्यांनी नोंद घेतली आणि इंग्लंडमधील पेट्रोलवरील कर व मोटारींचा परवाना-कर यांचे उत्पन्न रस्त्यांसाठी वापरले जाते, हे आपल्या तत्त्वाचे उदाहरण म्हणून दाखविले. हा पेट्रोल कर लॉइड जॉर्ज यांनी 1909 च्या अर्थसंकल्पात गॅलनला तीन पेन्स या दराने आणला होता. त्या पैशाची पुढची कहाणी मात्र बोधप्रद आहे. रस्त्यांच्या निधीत शिल्लक साचू लागताच अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी त्यात हात घातला, आणि 1928 मध्ये पेट्रोलवरील कर नव्याने लावला तो सर्वसाधारण महसुलासाठी. ज्या कराचा जन्म हानीची भरपाई म्हणून झाला, तो तिजोरी भरण्याचे सोयीस्कर साधन बनला. त्यानंतर पेट्रोलवरील कराचा दर ठरताना रस्त्यांच्या झिजेचा किंवा धुराचा हिशेब क्वचितच कोणी मांडला असेल.

आपल्या विचाराचा असा वापर होऊ शकतो, याची पिगूंना कल्पना नव्हती असे नाही. सरकार म्हणजे सर्वज्ञ आणि निःस्वार्थी यंत्रणा, असे त्यांनी कधीही मानले नाही. बाजार चुकतो म्हणून सरकारने हस्तक्षेप केला की सारे सुरळीत होईलच, असा त्यांचा दावा नव्हता. अधिकाऱ्यांचे अज्ञान, हितसंबंधी गटांचा दबाव आणि भ्रष्टाचार यांचा उल्लेख त्यांच्या ग्रंथातच आहे. अर्थसाहाय्य एकदा सुरू झाले की ते घेणाऱ्यांचा एक गट तयार होतो आणि मूळ हेतू संपल्यावरही ते चालू ठेवण्यासाठी तो झटतो, हा अनुभव आज आपणांस नवा नाही.

त्यांच्या विचाराची आणखी एक बाजू चर्चेत बहुधा विसरली जाते. राष्ट्राचे एकूण उत्पन्न घटणार नसेल, तर श्रीमंताकडून गरिबाकडे पैसा वळल्याने समाजाचे कल्याण वाढते, असे पिगूंचे प्रतिपादन होते. कारण श्रीमंताच्या हातातील जादा पैशाने त्याची जी गरज भागते, तिच्यापेक्षा कितीतरी निकडीची गरज त्याच पैशाने गरिबाच्या घरी भागते. म्हणजे कोणताही कर किंवा सवलत पिगूंच्या कसोटीस उतरावयाची असेल, तर तिला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: त्यामुळे हानी कमी होते काय, आणि त्याचा भार कोणावर पडतो?

पिगूंचे उत्तरायुष्य उपेक्षेत गेले. 1933 मध्ये त्यांनी बेकारीवर ग्रंथ लिहिला आणि 1936 मध्ये केन्सनी आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथात त्याचीच चिरफाड केली. तरुण पिढी केन्सच्या बाजूस गेली आणि पिगू हे जुन्या, चुकीच्या अर्थशास्त्राचे प्रतीक ठरले. हृदयविकारामुळे गिर्यारोहणही सुटत गेले. तथापि 1949 मध्ये केंब्रिज येथे दिलेल्या दोन व्याख्यानांत, आपण केन्सच्या कार्याचे योग्य मोल पूर्वी केले नव्हते, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. केन्स त्यापूर्वी तीन वर्षे निवर्तले होते. विद्वानांच्या जगात असे औदार्य दुर्मिळच म्हणावे लागेल.

डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके पसरले आणि त्यात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा अंदाज तेव्हा वर्तविला गेला. 1956 मध्ये धूरनियंत्रणाचा कायदा झाला, आणि घरातील शेगड्या बदलण्यासाठी रहिवाशांना अनुदानही मिळू लागले. ज्या धुराबद्दल पिगूंनी तीन दशकांपूर्वी लिहिले होते, त्याचा हिशेब अखेर मृत्यूंच्या आकड्यांनी करावा लागला. 7 मार्च 1959 रोजी पिगूंचे निधन झाले. पुढच्याच वर्षी रोनाल्ड कोस यांनी त्यांच्या सिद्धान्तावर जोरदार हल्ला चढविला. हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींचा खर्च नसेल, तर संबंधित लोक आपसांत तडजोड करतील, करांची गरज नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग होता. परंतु शहरातील लाखो वाहनचालक आणि लाखो श्वास घेणारे नागरिक यांनी वाटाघाटीस बसावयाचे कोठे? या ठिकाणी पिगूंकडे परतण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

लंडनमध्ये ते परतले, असे म्हणता येईल. 2003 च्या फेब्रुवारीपासून शहराच्या मध्यभागी मोटार नेणाऱ्यास गर्दीचे शुल्क भरावे लागू लागले. विजेच्या मोटारींना त्यातून माफी होती. पण ही संपूर्ण माफी 2025 च्या अखेरीस संपली. त्याच वर्षाच्या एप्रिलपासून ब्रिटनमध्ये विजेच्या मोटारींना वार्षिक वाहनकरही लागू झाला. यामागील तर्क शुद्ध पिगूंचा आहे. विजेची मोटार धूर सोडत नाही, म्हणून धुराचा कर तिला नको. परंतु ती रस्ता अडविते आणि रस्ता झिजविते, म्हणून त्याचे मोल तिने चुकविलेच पाहिजे.

हाच हिशेब आपल्या देशास लावून पाहू. विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट 2019 मध्ये 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला गेला. सप्टेंबर 2025 पासून पेट्रोलच्या लहान मोटारींवर 18 टक्के आणि मोठ्या मोटारींवर 40 टक्के कर आहे. विजेची मोटार मात्र कितीही महाग असली तरी 5 टक्केच. करापूर्वी वीस लाख रुपये किमतीच्या मोठ्या मोटारीचा विचार केल्यास, पेट्रोलची असल्यास आठ लाख आणि विजेची असल्यास एक लाख रुपये कर होतो. सात लाखांची ही सवलत ज्याला मिळते, त्याला तिची निकड कितपत असते? याउलट, 2019 ते 2024 या काळातील केंद्राच्या अनुदान योजनेत खाजगी मोटारी वगळून दुचाकी, रिक्षा आणि बसगाड्यांवर भर दिला होता. पिगूंच्या दुसऱ्या कसोटीस हे धोरण अधिक उतरते.

पहिल्या कसोटीचाही विचार केला पाहिजे. आपल्या देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून तयार होते. पुण्यातील रस्त्यावरचा धूर कमी होतो, हे खरे आणि मोलाचे आहे. विजेची मोटार ऊर्जेचा वापर अधिक काटकसरीने करते, हेही खरे. तथापि त्या विजेसाठी जळणाऱ्या कोळशाची राख चंद्रपूर आणि कोराडीच्या परिसरातील माणसांच्या वाट्यास येते. त्यांची हानी ना मोटारीच्या किमतीत दिसते, ना विजेच्या बिलात पुरती दिसते. दुसरीकडे पेट्रोलवर भरमसाट कर आहे, पण तो हानी मोजून बसविलेला नाही. तसे असते तर अधिक घातक धूर सोडणाऱ्या डिझेलवर पेट्रोलपेक्षा कमी कर राहिला नसता.

तेव्हा विजेची मोटार की पेट्रोलची, हा प्रश्नच अपुरा आहे. धुराचा कर धुरावर बसवावा, मग तो मोटारीच्या नळीतून निघो की वीजकेंद्राच्या धुराड्यातून. रस्त्याचे मोल प्रत्येक मोटारीकडून घ्यावे. सवलत द्यावयाचीच तर ती मुदतीची असावी, तिचा आकडा अर्थसंकल्पात उघड दाखवावा, आणि ती प्रथम त्या बसगाडीस मिळावी जिच्यातून कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी रोज उभ्याने प्रवास करतात. मोटार न घेताही तिच्या सवलतीचा भार आज तेच उचलीत आहेत, आणि रांगेत उभे राहून धूरही तेच गिळीत आहेत. हिशेबाच्या वहीत ज्यांचे नाव नाही त्यांची आठवण ठेवण्यासाठी पिगूंनी अर्थशास्त्र लिहिले. वही आपली आहे. त्यांची नावे तिच्यात लिहिण्याचे कामही आपलेच आहे.